पवनचक्क्यांच्या पायथ्याशी कालवं

उत्तर समुद्राचा तळ म्हणजे नुसती वाळू आणि चिखल असंच आपल्याला वाटतं, आणि आज बऱ्याच भागात ते खरंही आहे, पण 1883 साली ओल्सन नावाच्या माणसाने मच्छीमारांसाठी काढलेल्या नकाशात नेदरलँड्स-जर्मनीच्या बाजूला चक्क कालवांचे (म्हणजे ऑयस्टर, शिंपल्यात राहणारा समुद्री जीव) मोठमोठे पट्टे दाखवलेत. युरोपातली मूळची चपटी कालवं. मग काय, खरवडून खरवडून खाल्ली, तळावरून फरफटत नेणाऱ्या जाळ्यांनी उरलेली कवचंही उचलून नेली, आणि उरलंसुरलं होतं त्याच्या मागे विसाव्या शतकाच्या शेवटी बोनामिया नावाचा परजीवी लागला.

आता लोक ही कालवं परत वसवायला बघतायत आणि तेही ऑफशोअर विंड फार्ममध्ये, म्हणजे विजेसाठी भर समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांमध्ये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, कंपन्यांची अजून एक हिरवी जाहिरात. थोडीफार ती आहेच म्हणा. पण कालव जगतं कसं ते बघितलं की जागेची निवड पटते. पिल्लं आधी आईच्याच कवचात वाढतात, मग लाखोंनी पाण्यात सुटतात, आठ-दहा दिवस तरंगतात आणि मग खाली उतरून इवल्याशा पायाने सरपटत जागा शोधतात. जागा आवडली की सिमेंटसारखा थेंब सोडून डावं कवच तिथे चिकटवायचं, बस, मग जन्मभर हलायचं नाही. आणि सगळ्यात आवडती जागा कुठली तर दुसऱ्या कालवाचं कवच! म्हणजे जिथे कालवंच उरली नाहीत तिथे नवी येणार कशी, हा खरा तिढा. मऊ वाळूवर पिल्लू पडलं की गाडलं जातं, संपला विषय.

टर्बाइनच्या खांबाभोवती प्रवाहाने वाळू खरवडली जाऊ नये म्हणून दगड टाकतात, तेवढा कडक तळ आयताच मिळतो. नेदरलँड्सच्या लुख्टरडाउनेन आणि बोर्सेले विंड फार्ममध्ये म्हणूनच मोठी कालवं नेऊन सोडलीत. ती अंडी देतील, पिल्लं आसपासच्या दगडांवर चिकटतील, अशी आशा. बोनामिया सोबत नेला जाऊ नये म्हणून आधी तपासणी वगैरे, ते ओघाने आलंच.

पण माझ्या मते दगडांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे तळ खरवडणारं जाळं ओढता येत नाही. केबल असतात, खांब असतात, नेदरलँड्समध्ये तर बंदीच आहे. थोडक्यात, कोणी फारसा गाजावाजा न करता समुद्रात कुंपण घातलं गेलंय (मच्छीमारांना ते अर्थातच आवडलेलं नाही, आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही, त्यांची जागा खरंच कमी होतेय).

एक गोष्ट मात्र खटकते. विंड फार्मचं आयुष्य साधारण 25-30 वर्षं, आणि परवान्यात बहुतेक वेळा नंतर सगळं काढून तळ मोकळा करायची अट असते. कालवांचा थर नीट जमायलाच कित्येक वर्षं लागणार, तो कुठे जरा बाळसं धरतोय तोवर क्रेन हजर. खांब न्या, केबल न्या, पण निदान ते दगड तिथेच ठेवा आणि जाळ्यांची बंदी पुढेही चालू राहील हे आत्ताच कागदावर आणा, कारण वीज बंद झाल्यावर कालवांसाठी भांडायला कंपनी येणार नाहीये.