फेब्रुवारीतलं अभिवाचन

१२ फेब्रुवारी १९०० रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये ५०० शाळकरी मुलांनी जेम्स वेल्डन जॉन्सन यांचं एक गीत गायलं. आज ते अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत म्हणून ओळखलं जातं. ते आधी मुलांच्याच आवाजात लोकांपर्यंत गेलं. म्हणून वाटतं, फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा मानल्या जाणाऱ्या महिन्यात, शाळेत कृष्णवर्णीय लेखकांच्या अभिवाचनाचा कार्यक्रम करतानाही भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा आवाजावर मेहनत घ्यावी.

अमेरिकेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतल्या ब्लॅक कॉकसने, म्हणजे कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने, १९९० मध्ये फेब्रुवारीतल्या या अभिवाचनाचा उपक्रम सुरू केला. तासाभराला दहा वाचक पुरतात, प्रत्येकाला तीन मिनिटं; उरलेला वेळ ओळखी आणि ये-जा यांत जातो. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १३० शब्द होतात, म्हणजे उतारा ४०० शब्दांच्या आत हवा. मुलं अख्खं प्रकरण घेऊन येतात, मग ऐनवेळी काटछाट होते आणि नेमका जीव असलेला परिच्छेद जातो. तेव्हा निवडतानाच घड्याळ लावून वाचून घ्या. १६ पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा. पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये फार येतो.

खरी चूक निवडीत होते. दहापैकी नऊ उतारे गुलामगिरीचे आणि मोर्च्यांचे असतात. दुःख वगळू नये, पण आजीचं स्वयंपाकघर, पहिलं प्रेम, अंतराळातली साहसं हेही याच साहित्यात भरभरून आहे. किमान निम्मे उतारे तिथले घ्या, दोन-तीन हयात लेखकांचे. पॉल लॉरेन्स डनबार (१८७२–१९०६) यांनी बोलीत आणि प्रमाण इंग्रजीतही कविता लिहिल्या. शाळेत प्रमाण भाषेतल्या घ्या. बोलीतल्या कविता वाचताना मुलं नकला करू लागतात आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं. वंशद्वेषी शिवी असलेला उतारा असेल, तर काय करायचं ते तालमीआधी ठरवा. तो निर्णय व्यासपीठावर मुलावर सोडणं अन्याय आहे. वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाला ‘तूच सांग’ म्हणून पुढे करणंही तसंच.

तिकीट नाही, वाचकांना मानधन नाही, नफ्याचा हेतू नाही, अशा प्रत्यक्ष वाचनाला अमेरिकी कॉपीराइट कायद्यात सूट आहे. चित्रीकरण इंटरनेटवर टाकायचं तर ती सूट लागू होत नाही. प्रकाशकाची परवानगी आधी मागवा.

वाचलेली पुस्तकं टेबलावर ठेवा, त्या-त्या पानात खूण घालून. ग्रंथालयातल्या प्रती फेब्रुवारीत बाहेर गेलेल्या असतात, त्यामुळे डिसेंबरमध्येच नोंदवा. मुलं शेवटच्या वाचकानंतर थेट त्या टेबलाकडेच वळतात.