उघडे लोखंड

रंग द्यायचे ठरले की माणूस आधी छटांची पट्टी उलगडून बसतो. मीही तसाच बसलो होतो. एक जुने लोखंडी स्टूल खरवडून, पॉलिश पेपरने घासून मी अगदी उघडे केले होते आणि त्याला शेवाळी हिरवा शोभेल की विटकरी, या विचारात सबंध दुपार घालवली. हवा दमट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्या चकचकीत लोखंडावर तांबूस झाक उमटलेली. म्हणजे मी रंग निवडेपर्यंत स्टुलाने स्वतःचा रंग निवडलाही होता.

वास्तविक छटा हा या निवडीतला शेवटचा प्रश्न आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण त्याची शिक्षा मी पूर्वी एकदा भोगली होती. उरलेल्या ऑइल पेंटने मी एकाच दिवशी दोन वस्तू रंगवल्या होत्या: कपाटाचे लोखंडी पाय आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची एक पेटी. डबा एक, ब्रश एक, हातही तोच. पाय अजून जसेच्या तसे आहेत. पेटीवरचा रंग मात्र वर्षभरात दुधावरच्या सायीसारखा सुटला, नखाने उचलावा आणि अख्खी पट्टी हातात यावी असा. कारण पुढे कळले. नेहमीच्या ऑइल पेंटमधले अल्किड रेझिन, म्हणजे रंगाला बांधून ठेवणारे द्रव्य, तेलापासून बनते. जस्त आणि ओलावा यांच्या संगतीत त्यातल्या स्निग्धाम्लांचा जस्ताशी संयोग होऊन रंगाच्या पोटाशी साबणाचा पातळ थर तयार होतो, आणि साबणावर कोण टिकणार? अशा पत्र्यावरचे तेलकटपण पुसून, खास त्याच्यासाठी बनवलेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचाही स्वभाव काहीसा असाच आहे: त्याच्या पृष्ठभागावर जन्मतःच गुळगुळीत ऑक्साइडचे कवच असते, म्हणून तिथे धातूला किंचित चावा घेणारा एच (etch) प्रायमर उपयोगी पडतो.

लोखंडाला मात्र रेड ऑक्साइड, हे उत्तर आपल्याला तोंडपाठ असते. त्यातली गंमत माझ्या फार उशिरा ध्यानात आली. या प्रायमरला तो मातकट लाल रंग देणारे द्रव्य लोहाचे ऑक्साइडच असते, म्हणजे गंजाचेच सख्खे भावंड. जे एकदा पुरते ऑक्साइड झाले ते आणखी गंजत नाही, म्हणून ते शांतपणे थरात पडून राहते. परंतु ते केवळ आडोसा धरते, गंजाशी स्वतः झुंजत नाही. ते काम पूर्वी शिशाच्या शेंदरी ऑक्साइडकडे असे. शिसे विषारी असल्यामुळे ते मागे पडले आणि आता त्या जागी बहुधा झिंक फॉस्फेट आढळते. म्हणूनच डब्यावरचे नाव वाचून मी थांबत नाही, बारीक अक्षरांत हा शब्द शोधतो. प्रायमर लावून वस्तू महिनोन्‌महिने तशीच ठेवणाऱ्यांचे मात्र मला नवल वाटते. तो थर सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आरामात आत जाते.

वरच्या थराबाबत मोह पुष्कळ असतात. दोन डब्यांतले द्रव मिसळून लावायचा एपॉक्सी चिवट खरा, पण उन्हात त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते, शिवाय एकदा मिसळला की ठरावीक वेळात संपवावा लागतो. पाण्यात मिसळणारे रंग वासाला सौम्य आणि ब्रश धुवायला सोपे. मात्र त्यात गंजरोधक घटक नसेल तर उघड्या लोखंडावर ते वाळता वाळताच गंजाचे तपकिरी ठिपके वर येतात. घरातल्या स्टुलासाठी मी साधा इनॅमलच पसंत केला, कदाचित त्या वासाची सवय म्हणूनही.

आणि ब्रशविषयी कोणी कमीपणाने बोलू नये. 1889 मध्ये खुला झालेला आयफेल मनोरा सुमारे दर 7 वर्षांनी रंगवतात, त्याला जवळपास 60 टन रंग लागतो आणि तो हातात ब्रश घेऊनच दिला जातो. पहिला थर ब्रशने दाबून घोटला की तो लोखंडाच्या बारीक खळग्यांत शिरतो. कडांवरून मात्र ओला रंग आपोआप मागे सरकतो, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. सर्वांगाला हात देण्याआधी कडांवरून एकदा वेगळा ब्रश फिरवावा.

तेवढे करून स्टूल उलटे ठेवले आहे. चारही पाय लाल मातीत उभे राहून आल्यासारखे दिसत आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांना आता हिरव्यापेक्षा विटकरीच बरा दिसेल असे वाटू लागले आहे.