तुम्ही विचारलंत म्हणून: हम्बोल्ट ब्रॉन्कोज म्हणजे तो अपघातच ना?

नाही. पण हे ‘नाही’ म्हटल्यावर पुढे दर वेळी माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते.

प्रश्न थोड्याफार फरकाने असा असतो: ‘सहा हजार वस्तीच्या गावातली अठरा-वीस वर्षांच्या पोरांची आइस हॉकी टीम. तिला कसला आलाय इतिहास? २०१८चा बस अपघात झाला नसता तर तिचं नाव तरी कुणाला कळलं असतं का?’ भारतातले नातेवाईक हे विचारतात ते मी समजू शकते. कॅनडात दहा-दहा वर्षं काढलेली आपली मंडळीही हेच विचारतात, तेव्हा त्रास होतो. अपघाताचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्यांचं वर्णन करणार नाही.

पूर्वी मी या प्रश्नाला करंडक मोजून उत्तर द्यायचे. टीम १९७०ची, कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातल्या सास्काचेवान ज्युनियर हॉकी लीगमधली. २००३मध्ये शार्लटटाउनला आणि २००८मध्ये कॉर्नवॉलला ज्युनियर ए दर्जाचं राष्ट्रीय विजेतेपद, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात अल्बर्टाच्या कॅम्रोझ कोडियाक्सला हरवून. २००९ला पुन्हा अंतिम फेरी, तिथे व्हर्नन व्हायपर्सकडून हार. २०१२ला तर राष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपदच हम्बोल्टकडे. हे सगळं खरं आहे, पण उत्तर म्हणून लंगडं आहे, हे मला उशिरा कळलं. ज्युनियर हॉकीचं वय सोळा ते वीस. पोरगा एक, दोन, फार तर तीन-चार हंगाम खेळतो आणि वयात बसेनासा होतो. २००३चा करंडक उचललेला खेळाडू २००८च्या संघात असणं जवळजवळ अशक्य. दर उन्हाळ्यात टीमचा मोठा हिस्सा निघून जातो आणि सप्टेंबरात नवे चेहरे येतात. मग पन्नास वर्षं ‘ब्रॉन्कोज’ या नावाखाली टिकून राहिलं ते काय?

टिकून राहिली ती गावातली व्यवस्था. ती कशी चालते हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

ही टीम कुणा शेठची नाही. ती ना नफा तत्त्वावर चालते आणि कारभार बघतात गावातलेच लोक, बिनपगारी. खेळाडूंना पगार नाही. बाहेरगावाहून आलेला पोरगा गावातल्या एखाद्या घरात राहतो. अशा कुटुंबाला इथे बिलेट म्हणतात. टीम त्यांना महिन्याला थोडे पैसे देते, पण हॉकी खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं खाणं त्यात भागत नाही. तो त्या घरात घरच्यासारखा वाढतो, त्यांच्या लहान मुलांना शाळेतून आणतो, बर्फ उपसतो. टीमचा खर्च निघतो तो तिकिटांतून, रिंकच्या कडेच्या फळ्यांवरच्या जाहिरातींतून, वर्गणीच्या जेवणांतून आणि सामन्याच्या रात्री विकल्या जाणाऱ्या फिफ्टी-फिफ्टीच्या चिठ्ठ्यांतून. जमलेल्या पैशांतले निम्मे जिंकणाऱ्याला, निम्मे टीमला.

मुलं इथे का येतात? या ज्युनियर ए दर्जाच्या वर वेस्टर्न हॉकी लीग आहे, तिथून व्यावसायिक हॉकीचा रस्ता सरळ. पण तिथे एकदा खेळलं की अमेरिकी विद्यापीठांच्या दृष्टीने तुम्ही व्यावसायिक ठरायचात आणि शिष्यवृत्तीचं दार बंद व्हायचं. हा नियम २०२५पर्यंत होता. ज्याला हॉकीबरोबर पदवीही हवी, तो ज्युनियर ए निवडायचा. म्हणजे हम्बोल्टच्या संघातली बरीच पोरं शिकायचं ठरवून आलेली होती.

हंगामात छप्पन-अठ्ठावन्न सामने, निम्मे बाहेरगावी. लीगमध्ये बारा गावं. दक्षिणेला एस्टेव्हन अमेरिकेच्या सीमेजवळ, उत्तरेला फ्लिन फ्लॉन तर प्रांत ओलांडून मॅनिटोबात. त्यामुळे टीमचं खरं घर रिंक नसून बस असते. बसच्या पोटात प्रत्येकाची किटबॅग, काठ्यांचे भारे, स्केट्सना धार लावायचं यंत्र, पाण्याच्या बाटल्यांचे ट्रे. पुढच्या रांगांत प्रशिक्षक, सहायक, दुखापती बघणारी थेरपिस्ट, रेडिओवर सामना सांगणारा निवेदक आणि आकडे टिपणारा एक स्वयंसेवक: कुणाचे किती शॉट, गोल झाला तेव्हा बर्फावर कोण होतं. हे आकडे विद्यापीठांचे निवड करणारे लोक बघतात, म्हणून ते काम हौशी असलं तरी चुकवून चालत नाही.

आता ६ एप्रिल २०१८. शुक्रवार. प्लेऑफची, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांतली, उपांत्य फेरी, निपविन हॉक्सविरुद्ध सातांतला पाचवा सामना, निपविनमध्ये. ब्रॉन्कोज १-३ने मागे. त्या रात्री हरले असते तर हंगाम संपला असता. बस टिस्डेलहून ३५ नंबरच्या महामार्गाने उत्तरेला निघालेली. संध्याकाळचे पाच. आर्मलीजवळ ३३५ नंबरचा रस्ता त्याला काटकोनात छेदतो. ३५वरच्या वाहनाला थांबायचं नसतं, ३३५वरच्याने थांबायचं असतं.

३३५वरून पश्चिमेला एक ट्रक येत होता, मागे एकाला एक जोडलेले दोन ट्रेलर, त्यात पीट मॉसचे गठ्ठे. पीट मॉस म्हणजे कुंड्यांत, रोपवाटिकांत वापरतात ती वाळलेली शेवाळमाती. चौकाआधी सूचनेच्या चार पाट्या होत्या आणि चौकात स्टॉपची १.२२ मीटर रुंदीची पाटी, वर लुकलुकणारा लाल दिवा. ट्रकचा वेग तपासात ताशी ८६ ते ९६ किलोमीटर निघाला. त्याने ब्रेक लावलाच नाही. बसचा वेग ९६ ते १०७. तिच्या ब्रेकची खूण रस्त्यावर २४ मीटर लांब होती. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे समोर भिंतीसारखा आडवा ट्रेलर दिसून बसच्या चालकाने ब्रेक दाबल्यावर जेमतेम एक सेकंद मिळाला. ‘त्याने स्टिअरिंग का वळवलं नाही?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

बसमध्ये एकोणतीस माणसं होती. सोळा गेली, तेरा जखमी झाली. सोळा हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. ती सोळा माणसं कोण, हे मात्र फारसं कुणी मोजत नाही. दहा खेळाडू. मुख्य प्रशिक्षक. सहायक प्रशिक्षक. बसचा चालक. रेडिओचा निवेदक. आकडे टिपणारा अठरा वर्षांचा मुलगा. आणि पाच दिवसांनी हॉस्पिटलमध्ये थेरपिस्ट. मघाशी सांगितलेली व्यवस्था आठवा. पोरं दर वर्षी जातात, नवी येतात, पण त्यांना सांधून ठेवणारे हे लोक राहतात. त्या चौकात खेळाडूंबरोबर ते सांधणारेही गेले. म्हणूनच ‘अपघात सोडून इतिहास सांग’ म्हटलं की मला सांगता येत नाही. अपघाताने टीमचे नेमके ते भाग मोडले, जे इतिहास पुढे नेत होते.

एक गोष्ट सांगावी की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. प्लेऑफसाठी त्या वर्षी पोरांनी केस सोनेरी रंगवून घेतले होते. प्लेऑफला असं काहीतरी सगळ्यांनी मिळून करायचं, ही हॉकीतली जुनी रीत. बांधेही सारखे, वयंही सारखी, जखमा तशा. त्यातून दोन मुलांची ओळख उलटी झाली. एका घराला सांगितलं गेलं की तुमचा मुलगा जिवंत आहे, ते त्याच्या उशाशी बसले. दुसऱ्या घराने मुलगा गेला असं मानलं. ९ एप्रिलला प्रांताच्या अधिकाऱ्यांनी चूक जाहीर केली आणि माफी मागितली. यावर अधिकाऱ्यांना शिव्या देणारे खूप भेटले. मीही दिल्या होत्या. पण आता वाटतं, त्या रात्री सगळ्यांना लवकर नाव हवं होतं, सर्वांत जास्त घरच्यांना. ओळख शास्त्रीय पद्धतीने पटवायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला कुणाचंच काळीज तयार नव्हतं.

मग दुसरा प्रश्न, जो आपल्या मंडळींकडून थोडा खालच्या आवाजात येतो: ‘ट्रकवाला आपल्याकडचा होता ना?’ हो, भारतातून आलेला तरुण. ट्रकच्या नोकरीला जेमतेम तीन आठवडे झाले होते, त्यातले दोन मालकाबरोबर शिकण्यात. मागच्या ट्रेलरची ताडपत्री सुटून फडफडत होती आणि त्याचं लक्ष आरशात होतं, असं त्याच्या वकिलाने सुनावणीत सांगितलं. त्याने खटला लढवला नाही, २०१९च्या जानेवारीत सगळे एकोणतीस गुन्हे कबूल केले. मार्चमध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. २०२४मध्ये देशाबाहेर काढण्याचा आदेशही निघाला. काही पालकांनी त्याला क्षमा केली, काहींनी केली नाही, आणि दोघांनाही बाहेरून कुणी शिकवू नये. मला एकच म्हणायचंय. ‘आपला’ म्हणून त्याची बाजू घेऊ नका आणि ‘आपला’ म्हणून लाजूही नका. त्या वेळी सास्काचेवानात अशा ट्रकचा परवाना मिळवायला किमान किती तास प्रशिक्षण हवं, याचा नियमच नव्हता. तो मार्च २०१९मध्ये आला: १२१.५ तास. याच चौकात १९९७मध्येही सहा माणसं गेली होती. हे सांगितलं की मी त्याचा बचाव करतेय असं काहींना वाटतं. चार पाट्या आणि एक लाल दिवा ओलांडून तो गेला, हे मी वर लिहिलंच आहे.

कॅनडात नव्या मोठ्या बसना सीटबेल्टची सक्ती सप्टेंबर २०२०पासून झाली.

अपघातग्रस्तांसाठी लोकांनी दिलेल्या पैशांबद्दलही विचारता. दोन आठवड्यांच्या आत दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली, ऐंशीहून जास्त देशांतून. वाटप कोर्टाच्या देखरेखीखाली झालं: गेलेल्या प्रत्येकाच्या घराला ५,२५,००० डॉलर, वाचलेल्या प्रत्येकाला ४,७५,०००. यावर ‘जो गेला त्याला जास्त कसं, खर्च तर जखमीला’ अशी चर्चा करणारे भेटतात. कमरेखाली लुळा पडलेल्या मुलाचा आयुष्यभराचा खर्च आणि पायांवर उभ्या मुलाचा खर्च सारखा कसा, हाही प्रश्न योग्यच आहे. पण त्यासाठी तेरा मुलांच्या दुखण्याची एकमेकांशी तुलना करावी लागली असती. ती टाळली, ते मला बरोबर वाटतं. उद्या वाटेल का, सांगता येत नाही.

सास्काचेवानात हे पहिल्यांदा घडलं नव्हतं, हेही विसरलं जातं. ३० डिसेंबर १९८६ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजची बस बर्फावरून घसरली आणि मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेले चार खेळाडू गेले. नावाने तीही ब्रॉन्कोजच, पण दुसऱ्या गावाची टीम. त्या संघाने १९८९मध्ये मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचा सर्वांत मोठा करंडक, जिंकला, आणि ‘दुःखातून कसं उभं राहावं’ म्हणून ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. मीही सांगायचे. पण त्या पोरांना अपघातानंतर समुपदेशक मिळू दिले गेले नव्हते. प्रशिक्षक ग्रॅहम जेम्सने बाहेरच्या माणसाला आत येऊ दिलं नाही. तो खेळाडूंचं लैंगिक शोषण करत होता, हे पुढे उघड झालं आणि १९९७मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या बसमध्ये असलेला आणि त्याच्या छळातून गेलेला शेल्डन केनेडी २०१८मध्ये हम्बोल्टला आला, मुलांशी आणि घरच्यांशी बोलायला. इतिहास म्हणून मला काही सांगायचं असेल, तर त्या करंडकाच्या आधी हे येणं सांगेन.

१२ सप्टेंबर २०१८ला हम्बोल्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला, समोर तोच निपविनचा संघ. बसमधून वाचलेले दोन खेळाडू बर्फावर उतरले. ब्रॉन्कोज १-२ने हरले. ‘इतक्या लवकर खेळायला नको होतं’ असं तेव्हा काहींचं म्हणणं होतं. माझंही होतं. नवा प्रशिक्षक डिसेंबरच्या शेवटी सोडून गेला, तेव्हा मला माझं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. पण एक हंगाम टीम बंद ठेवली असती तर? बिलेट घरं दुसरीकडे गुंतली असती, जाहिरातदार सुटले असते, वीस वर्षांच्या पोरांचं शेवटचं वर्ष वाया गेलं असतं. अशी टीम एकदा थांबली की पुन्हा सुरू करायला पहिल्यापेक्षा जास्त माणसं लागतात, आणि इथे तर माणसंच गेली होती. यावर माझं मत अजून एका जागी ठरत नाही.

आज संघात असलेली मुलं तेव्हा शाळेत होती. त्या बसमधला कुणीही आता ज्युनियरच्या वयात बसत नाही. नवी मुलं सप्टेंबरात येतात, कुणाच्या तरी घरातल्या रिकाम्या खोलीत बॅगा टाकतात, आणि लीगचं वेळापत्रक हातात पडलं की निपविनची तारीख कुठली ते बघतात. टिस्डेलवरून निपविनला जायचा सरळ रस्ता अजून तोच आहे, ३५ नंबरचा.