उडणारे, सुकणारे, आटणारे

मराठीत स्पिरिट उडतं, पाणी सुकतं आणि दूध आटतं. खोबरेल यातलं काहीच करत नाही, लावलं तिथेच बसून राहतं. रसायनशास्त्राचा गंध नसताना भाषेने केलेली ही वर्गवारी बरीचशी बरोबर आहे.

पडताळून पाहायचं तर सपाट बुडाच्या चार सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या. सिरिंजने प्रत्येकीत ५ मिली मोजून घाला : अ‍ॅसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट, पाणी, खोबरेल. पंखा बंद, गॅसची शेगडी लांब. ताटलीत थेंब टाकून पाहण्यात अर्थ नाही, कारण स्पिरिटचा थेंब पसरतो आणि पाण्याचा गोल राहतो. हवेला लागणारी जागाच कमीजास्त झाली की तुलना फसली. वाट्याही स्टीलच्याच हव्यात, काही प्लॅस्टिकं अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात. आधी रिमूव्हर संपेल, मग स्पिरिट, मग बऱ्याच वेळाने पाणी. रिमूव्हरच्या वाटीत शेवटी ओल रेंगाळली तर ते त्यात मिसळलेलं पाणी असण्याची शक्यता जास्त.

हलकं ते आधी उडणार, असं वाटतं. पण पाण्याचा रेणूभार १८, स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा ४६ आणि अ‍ॅसिटोनचा ५८. सगळ्यांत हलकं तेच सर्वांत मागे! पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, अल्कोहोलचे त्याहून सैल, अ‍ॅसिटोनचे आपसात असे बंधच नसतात. म्हणून २० अंश सेल्सिअसला अ‍ॅसिटोनचा बाष्पदाब (वाफ होऊन निसटण्याचा जोर) पाऱ्याच्या १८५ मिलिमीटरच्या आसपास, अल्कोहोलचा ४४ आणि पाण्याचा जेमतेम १७.५.

गंमत अशी, की १ ग्रॅम पाणी उडताना सुमारे २४४० जूल उष्णता नेतं, अल्कोहोल ९२० आणि अ‍ॅसिटोन ५३०च्या आसपास. तरी इंजेक्शनआधी दंडावर फिरवलेलं स्पिरिटच जास्त गार लागतं. पाणी हप्त्याहप्त्याने वसूल करतं, स्पिरिट एकरकमी.

पावसाळ्यात मात्र पाण्याची पंचाईत होते. मुंबईत जुलैमध्ये हवेत आधीच इतकी वाफ असते, की दोरीवरून जेवढं पाणी हवेत जातं त्यातलं बरंचसं हवेतून परत कपड्यावर येतं. नागपूरच्या मे महिन्यात माठ आणि कूलर जसं काम करतात तसं कोकणात करत नाहीत, त्याचं कारणही हेच. अ‍ॅसिटोनला हे सोयरसुतक नाही, कारण हवेत अ‍ॅसिटोनची वाफ जवळजवळ नसतेच.

म्हणूनच भर पावसात लाकडावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं पॉलिश, मारलं की घोटाळा होतो. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या) खाली गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. लाकूड ओलं होतं असा ठपका सुतारावर येतो, तो बहुतेकदा फुकटचा. उपाय म्हणजे हळू उडणारा रिटार्डर थिनर मिसळणं. पांढरेपणा आलाच असेल तर त्यावर तोच हलका फवारावा, झळाळी बहुधा परत येते.

पेट्रोल तर एक द्रवच नव्हे, अनेकांचं मिश्रण. कित्येक महिने उभ्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमधून त्यातले हलके घटक आधी निघून जातात. जड मागे राहतात, ते गार इंजिनात नीट पेटत नाहीत आणि किक मारून पाय दुखतात.

भाषा फसते ती एकाच ठिकाणी. जवसाच्या तेलातला ऑइलपेंट 'सुकला' असं आपण म्हणतो, पण तेल उडालेलं नसतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. या घट्ट होण्यात उष्णता निघते. म्हणून जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, आतल्या आत तापून तो पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.