निवेदनाखालचा चेलो

विद्यार्थी-चित्रपटाचा 90 सेकंदांचा ट्रेलर घेऊन चौघे जण स्टुडिओत आले, तेव्हा त्यांचे म्हणणे एकच होते : निवेदन संगीतात बुडते आहे, ते तेवढे वर काढून द्या. चित्रांचे संकलन पूर्ण झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर महाविद्यालयात सादर करायचा होता. वडील गेल्यानंतर त्यांचे घर आवरायला आलेल्या दोन बहिणींची ती गोष्ट होती आणि चित्रे खरोखर सुंदर होती.

मी हेडफोन लावून ट्रेलर ऐकला. निवेदकाचा आवाज खर्जातला, भारदस्त, आणि त्याच्या खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत चेलो. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्‌झच्या टप्प्यात असतो, आणि चेलोचे खालचे स्वरही नेमके तिथेच गुंजतात. शिवाय खालचे जोरकस स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात, त्यामुळे शब्द स्पष्ट करणारी व्यंजने, ज्यांचा मोठा भाग 2 ते 4 किलोहर्ट्‌झच्या आसपास असतो, तीही धूसर होतात. मुलांनी निवेदनाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी, चढवत नेला होता. आता आवाज फाटत होता आणि शब्द तरीही कळत नव्हते. एकाच जागेसाठी दोघे भांडत असताना एकाला अधिक मोठ्याने ओरडायला लावून भांडण मिटत नाही, हे मी त्यांना दोन्ही ट्रॅक आळीपाळीने बंद करून ऐकवले.

त्याहून मोठी अडचण पुढे आली. संगीत कुठून घेतले, असे मी विचारले, तर ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे रचनाकाराने काही अटींवर वापरायला आधीच दिलेल्या मुभेखाली, उतरवून घेतलेले होते. मात्र त्या परवान्यात रूपांतराला मनाई होती. असे संगीत चित्राच्या वेळेशी जुळवून वापरणे हे त्या परवान्यांच्या व्याख्येनुसार रूपांतरच ठरते, म्हणजे रचनाकाराची वेगळी परवानगी हवी, आणि ती एका दिवसात मिळण्याची शक्यता नव्हती. ते संगीत काढून टाकावे लागेल, असे मी सांगितले. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. त्या सुरावटीवरच तिने सगळे कट बेतले होते. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग इतका वेळ मागे बसलेला त्यांचा ध्वनिमुद्रक म्हणाला, "मॅडम, मला कीबोर्ड येतो. करून बघू का?"

त्याने जे केले ते मला मनापासून आवडले. त्याने आधी कट मोजले. सेकंदाला 24 फ्रेम्स असताना मिनिटाला 96 ठोक्यांची लय धरली, तर प्रत्येक ठोका बरोबर 15 फ्रेम्सचा होतो, आणि बरेचसे कट त्याच्या पटीत किंवा अगदी जवळ येत होते. जे थोडे हुकत होते ते त्याने तसेच ठेवले, आणि माझ्या मते ते योग्यच होते, कारण प्रत्येक कटावर ठोका पडू लागला की ट्रेलर कवायतीसारखा वाटतो. निवेदन असेल तिथे त्याने फक्त वरच्या सप्तकातले, विरळ पियानोचे स्वर ठेवले, आणि खर्जाचे स्वर निवेदन संपल्यावरच आणले.

दरम्यान निवेदनाचा मजकूर आम्ही पुन्हा वाचला. "तिने घर विकायचे ठरवले होते" या वाक्याच्या वेळी पडद्यावर घर विकण्याच्या कागदांवर सही होताना दिसत होती. चित्र जे सांगते तेच पुन्हा सांगणारी अशी वाक्ये काढत गेल्यावर अर्ध्याहून कमी मजकूर उरला. तो वाचायला धाकट्या बहिणीची भूमिका करणारी मुलगी बसली. तिच्या "भिंतीवर" या शब्दातल्या "भ"चा झोत पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, असूनही मायक्रोफोनवर आदळत होता, म्हणून मायक्रोफोन तोंडासमोरून जरासा बाजूला वळवला आणि तिला समोर बसलेल्या मैत्रिणीला सांगावे तसे बोलायला सांगितले. आवाज एकदम जवळ आला.

कुलपात किल्ली फिरते त्या दृश्यावर मी संगीतही थांबवायला सुचवले. दिग्दर्शिका कचरली, कारण ट्रेलरमध्ये पोकळी राहील अशी तिला भीती होती. पण तिथे पोकळी नव्हतीच. चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी त्या रिकाम्या खोलीचा नुसता आवाज मुद्रित करून ठेवला होता, ज्याबद्दल मी त्यांचे तोंडभरून कौतुक केले. तो आवाज खाली अंथरला आणि किल्लीची खरखर नीट ऐकू आली.

मिक्सिंगला फार वेळ लागला नाही. निवेदनाखाली संगीत चारेक डेसिबलने उतरवणे पुरेसे ठरले, आणि ते यंत्रावर न सोपवता मी हाताने केले, म्हणजे वाक्यांमधल्या श्वासाच्या जागी संगीत उगाच उसळत नाही. ट्रेलर पुढे इंटरनेटवरही जाणार असल्याने एकूण पातळी उणे 14 लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचे एकक) आसपास आणि शिखर, म्हणजे आवाजाचा सर्वांत उंच क्षण, उणे 1 डेसिबलच्या आत ठेवले. शेवटी सगळे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले. तिथे खर्ज जवळजवळ नाहीसा झाला; पण निवेदनातला एकही शब्द हरवला नाही.

निवेदन, संगीत आणि इतर ध्वनी यांच्या वेगळ्या फायली मी त्यांना सोबत दिल्या, म्हणजे पुढे दुसऱ्या भाषेतले निवेदन घालायचे झाले तरी बाकी मिक्स मोडावे लागणार नाही. निघण्याआधी दिग्दर्शिका आणि तो ध्वनिमुद्रक मूळ चित्रपटातल्या शेवटच्या प्रसंगाचे संगीतही नव्याने करायचे का, यावर दारातच बोलत उभे होते.