मग रागावता कशाला?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, यानं पोट भरतं का. दुसरा माझ्या वाट्याला जरा जास्त येतो, कारण मी वर्गात सांगून बसलोय की प्रत्येक घटनेला कारण असतं आणि माणसाचं वागणं तेवढं त्यातून सुटलंय असं मानायला मला काही आधार दिसत नाही. “मग सर, तुम्ही लोकांवर रागावता कशाला? ज्याला दुसरं काही करताच येत नव्हतं त्याला दोष कसा देता?”

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

एकदा एक पोरगा तासाला वीस मिनिटं उशिरा आला आणि दारातूनच म्हणाला, “सर, माझं उशिरा येणं विश्वाच्या सुरुवातीपासून ठरलेलं होतं.” वर्ग हसला. मी म्हटलं, “मग तुला बाहेर उभं करणंही ठरलेलंच असणार.” वर्ग आणखी हसला. हा विनोद माझा नव्हे. ग्रीक तत्त्ववेत्ता झेनो याच्या नावावर ही गोष्ट सांगतात: चोरी करताना पकडलेला गुलाम म्हणाला, “चोरी माझ्या नशिबीच होती,” आणि झेनो म्हणाला, “मारही.” टाळी मिळते, पण उत्तर मिळत नाही. गुलामाच्या पाठीवर वळ उठतात, आणि तो मार रास्त होता का, हे विचारायचं राहूनच जातं.

आपल्याकडेही हा वाद जुनाच. बुद्धाचा समकालीन मक्खली गोसाल म्हणायचा की सुताचा गुंडा फेकला की तो जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेले जन्म संपवूनच सुटतात. प्रयत्नानं काही होत नाही. त्याचे अनुयायी आजीविक मात्र कडक तपश्चर्येसाठी प्रसिद्ध होते. बिहारात बराबरच्या डोंगरातल्या गुहा अशोकानं त्यांना दिल्या. काहीच आपल्या हातात नसेल तर एवढे उपासतापास कशाला, असं कुणीही विचारेल. (गोसालाचं म्हणणं आपल्यापर्यंत आलंय ते बहुतेक त्याच्या विरोधकांच्या तोंडून, तेव्हा जरा जपूनच हसावं.) टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, त्यातलं दहावं प्रकरण याच गुंत्यावर आहे, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. त्यांची वाट आत्म्यातून जाते. मला तो आत्मा सापडत नाही, म्हणून ती वाट मला बंद. पण सहा वर्षांची शिक्षा भोगणारा माणूस स्वातंत्र्यावरचं प्रकरण तुरुंगात बसून लिहितो, हे डोक्यातून जात नाही.

हल्लीची मुलं बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचा प्रयोग घेऊन येतात. १९८३ चा. माणसानं वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि ‘आता हलवावं’ असं कधी वाटलं ते घड्याळावर बघून सांगायचं. मेंदूतली विद्युत हालचाल मनगट हलण्याआधी साधारण अर्धा सेकंद सुरू झालेली, आणि इच्छेची जाणीव मात्र जेमतेम पाव सेकंद आधी. म्हणजे मेंदूनं आधीच ठरवलेलं, आपण नुसते सहीचे धनी! मला हे कधी फारसं पटलं नाही. कारण नसताना मनगट हलवणं आणि आईच्या औषधाचे पैसे जुगारात घालवणं, या दोन्हीला ‘निर्णय’ हा एकच शब्द लावला की गोंधळ तिथेच सुरू होतो.

वकील मंडळींनी हा गुंता न सोडवताच काम भागवलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८४, आरोपी ‘स्वतंत्र’ होता का असं विचारत नाही. मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळण्याची त्याची कुवत गेली होती का, एवढंच विचारतं. सात वर्षांखालच्या मुलाचा गुन्हा होत नाही. कुणी फसवून किंवा जबरदस्तीनं दारू पाजली आणि शुद्धच हरपली तर माफी आहे. आपणहून प्यालात तर ती सबब चालत नाही. कारणं दोघांच्याही मागे असतात. प्रश्न असतो, त्या कारणांच्या साखळीत समजून घेऊन वागणारा माणूस कुठे होता का?

तरी रागाचं काय, हे राहिलंच. त्यावर मला पटलेलं उत्तर पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाचं, १९६२ च्या एका निबंधातलं. त्याचं म्हणणं ढोबळपणे असं, की राग, कृतज्ञता, क्षमा हे सिद्धांताचे निष्कर्ष नसतात. माणसांत माणूस म्हणून राहण्याचाच तो भाग असतो. कुणाला आपण त्यातून वगळतो तेव्हा त्याच्याकडे उपचाराची, सांभाळण्याची बाब म्हणून बघायला लागतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. कळलं मात्र घरी.

अण्णा तलाठी होते, हिशेबाला काटेकोर. एके दिवशी मला म्हणाले, “माझं पासबुक तू चोरलंस.” पाहुण्यांसमोर. मी इतका चिडलो की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पासबुक नंतर गव्हाच्या डब्यात सापडलं. पुढे डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. त्यानंतरही ते मला चोर म्हणायचे, आठवड्यातून दोनदा तरी, त्याच ठसक्यात. मी म्हणायचो, “हो अण्णा, शोधूया.” राग येत नव्हता. सगळे म्हणाले, किती समजूतदार झालास. मला मात्र कसंतरीच व्हायचं. ज्यांच्यावर रागावता येत नाही अशा माणसांत मी माझ्या वडिलांना नेऊन बसवलं होतं, आणि तिथून परत आणायची सोय नव्हती.

एका संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते. मी आत पंखा चालू ठेवून बाहेर आलो. त्यांनी मान वर केली, मला नावानं हाक मारली आणि म्हणाले, “पंखा काय तुझा बाप बंद करणार?” क्षणभर मी बघत राहिलो. मग म्हणालो, “बाप समोरच बसलाय की. उठा आणि करा बंद.”

ते उठले नाहीत. पण पंख्यावरून आमचं चांगलं दहा मिनिटं भांडण झालं.