नुसतं जेसन आलं म्हणून रेस्ट होत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर घेणारं अ‍ॅप समजा. सर्व्हरला रिक्वेस्ट ज्या पत्त्यांवर जातात, ते कसे असतात? ‘/सेव्हऑर्डर’, ‘/डिलीटऑर्डर’, ‘/गेटऑर्डरलिस्ट’. सगळीकडे पोस्ट (सर्व्हरला डेटा पाठवायची एक पद्धत), आणि काहीही बिघडलं तरी उत्तराचा कोड २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. आत जेसनमध्ये (डेटा लिहायचा एक मजकुरी फॉरमॅट) ‘फेल’ असं लिहिलेलं. असल्या सर्व्हिसला लोक बिनदिक्कत रेस्ट म्हणतात.

रेस्ट हा शब्द रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या पीएचडी प्रबंधातला. ती लायब्ररी नाही की फॉरमॅट नाही. वेबसारखी व्यवस्था टिकावी म्हणून स्वतःवर घालून घ्यायची बंधनं आहेत. जेसनची सक्ती त्यात कुठेच नाही.

पहिली गोष्ट पत्त्याची. पत्ता वस्तूचा असतो, कामाचा नाही. ‘/ऑर्डर/१०७’ ही वस्तू. तिचं काय करायचं ते गेट (आण), पुट (या पत्त्यावर ठेव), पॅच (थोडं बदल), डिलीट (काढून टाक) सांगतात. इथवर बहुतेक जण येतात. घोळ पुढे आहे.

चाटी गल्लीतला व्यापारी ४० डझन टॉवेलची ऑर्डर टाकतो. सर्व्हरवर नोंद होते, पण उत्तर परत येताना नेट जातं. अ‍ॅपला वाटतं, पोचलीच नाही. ते पुन्हा पाठवतं. पोस्ट असेल तर दर वेळी नवी ऑर्डर बनते आणि कारखान्यात ८० डझन निघतात. बटण एकदा दाबल्यावर बंद करून भागत नाही, कारण दुसऱ्यांदा पाठवणारा माणूस नसून अ‍ॅपच असतं. म्हणून ऑर्डरचा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक) फोनवरच तयार करा आणि ‘/ऑर्डर/तो-यूयूआयडी’ या पत्त्यावर पुट करा. पहिल्यांदा २०१ (‘नवी बनली’) येईल, दुसऱ्यांदा २००, ऑर्डर एकच. मात्र यूयूआयडी पाठवण्याआधी फोनच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवायला हवा. प्रत्येक प्रयत्नाला नवा यूयूआयडी बनवणारा कोड सर्रास दिसतो, आणि मग सगळं मुसळ केरात. डिलीटचंही तसंच: दुसऱ्या वेळी ४०४ (‘सापडलं नाही’) आला तर ‘एरर’ दाखवू नका. ऑर्डर गेलेली आहे, हवं होतं तेच झालं.

दुसरं, सर्व्हरने दोन रिक्वेस्टच्या मधलं काही आपल्या मेमरीत धरून बसू नये. निवडलेला माल सेशनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवला, दिवाळीच्या गर्दीत दुसरा सर्व्हर जोडला, की निम्म्या व्यापाऱ्यांची यादी रिकामी! लॉगिनची ओळख पटवणारं टोकन दर रिक्वेस्टच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) जाऊ द्या, आणि यादीलाच स्वतःचा पत्ता देऊन ती डेटाबेसमध्ये ठेवा. यालाच स्टेटलेस म्हणतात; त्याचा अर्थ डेटा साठवायचाच नाही, असं नव्हे.

कॅशिंगचं (आधी आणलेलं उत्तर जपून पुन्हा वापरण्याचं) थोडक्यात: कॅटलॉगच्या उत्तरासोबत ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण द्या. अ‍ॅप पुढच्या वेळी तो इफ-नन-मॅच हेडरमध्ये परत पाठवतं. बदल नसेल तर ३०४ येतो, मजकूर येत नाही, व्यापाऱ्याचा डेटा वाचतो. दर बदलताना हाच ईटॅग इफ-मॅच हेडरमध्ये घातला तर मालक आणि मुनीम एकाच वेळी दर बदलत असताना मागून येणाऱ्याला ४१२ (‘अट जुळली नाही’) मिळतो. आधीचा बदल गुपचूप पुसला जात नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, लिंक. ऑर्डरच्या उत्तरातच ‘रद्द करा’ची लिंक द्यायची, माल ट्रान्सपोर्टला गेला की ती द्यायची नाही. अ‍ॅप एवढंच बघतं: लिंक आहे, बटण दाखव. ‘स्थिती ३ असेल तर बटण लपव’ हा नियम अ‍ॅपमध्ये कोंबला, तर उद्या नियम बदलल्यावर दोन वर्षांपूर्वीचं व्हर्जन वापरणाऱ्यांचं काय करणार? वेबसाइट एका रात्रीत बदलता येते, लोकांच्या फोनमधलं अ‍ॅप नाही. फील्डिंग यांनी २००८ मध्ये स्पष्टच लिहिलं की लिंकवर न चालणाऱ्या एपीआयला (सर्व्हरशी बोलायच्या रचनेला) रेस्ट म्हणू नये. त्या मापाने बहुतेक अ‍ॅपच्या सर्व्हिस नापास आहेत. छोट्या टीमने सगळीकडे लिंकचा अट्टहास करू नये असं माझं मत. पण रद्द करणं, पैसे भरणं, माल परत करणं इथे ती मेहनत वसूल होते.

ऑर्डर दोनदा नोंदली जाते का ते तपासायचं असेल तर टेस्ट सर्व्हरवर, नोंद झाल्यानंतर आणि उत्तर जाण्याआधी, मुद्दाम २० सेकंदांचा थांबा घाला. ऑर्डर टाका, त्या वेळात फोन एरोप्लेन मोडवर न्या, मग नेट सुरू करून अ‍ॅपला पुन्हा पाठवू द्या. डेटाबेसच्या टेबलमध्ये त्या ऑर्डरच्या ओळी मोजा, एकच हवी.